पन्नीर गुलाब : एका झुडपाचा इतिहास कसा वाचावा

चेन्नईच्या पश्चिमेस, अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आवडी हे गाव लागते. मराठी कानाला नाव ओळखीचे वाटले तरी आपल्या 'आवड' या शब्दाशी त्याचा संबंध नाही. आधुनिक भारताच्या इतिहासात आवडी दोन कारणांनी येते. जानेवारी १९५५ मध्ये येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात समाजवादी धाटणीच्या समाजरचनेचा ठराव झाला. आणि १९६१ मध्ये येथे अवजड वाहनांचा कारखाना स्थापन झाला, ज्यातून १९६५ साली 'विजयंता' रणगाडा बाहेर पडला.

प्रस्तुत टिपणाचा विषय यापेक्षा साधा आहे. आवडीच्या बाजारात फुलवाल्यांकडे सुटी, फिकट गुलाबी, भरगच्च पाकळ्यांची गुलाबाची फुले वजनावर मिळतात. देठ आखूड, पाकळ्या चटकन गळणाऱ्या, पण वास असा की पिशवी घरी आणेपर्यंत हाताला लागून राहतो. तमिळमध्ये याला 'पन्नीर रोजा' म्हणतात. रोपवाटिकेत हाच गुलाब बहुधा 'एडवर्ड' या नावाने मिळतो. या फुलाविषयी कागदोपत्री नोंदी थोड्या आहेत. तरीही त्याचा इतिहास सांगता येतो, कारण त्याचे नाव, त्याची फुलण्याची रीत आणि त्याचा गंध हे तिन्ही पुरावेच आहेत. ते कसे वाचायचे, हे आपण क्रमाने पाहू.

१. नावांचा पुरावा

'पन्नीर' वाचून दुधाचे पनीर डोळ्यांपुढे आणू नका. तमिळमध्ये 'पनि' म्हणजे दव आणि 'नीर' म्हणजे पाणी. 'पन्नीर' म्हणजे गुलाबपाणी. शेजारच्या मल्याळममध्ये 'पनिनीर' हा शब्द गुलाबपाण्यासाठी आहेच, शिवाय गुलाबाच्या फुलालाही 'पनिनीर पू' म्हणतात.

आता आपल्याच भाषेकडे पाहा. 'गुलाब' हा शब्द फारसी आहे : 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. फारसीत 'गुलाब'चा अर्थ गुलाबपाणी असाच होतो. मराठीत हा जुना अर्थ काही शब्दांत अजून शिल्लक आहे. 'गुलाबदाणी'त आपण फुले ठेवत नाही. ती पाणी शिंपडण्यासाठी असते. दरबार किंवा समारंभ संपताना पानसुपारी आणि 'अत्तरगुलाब' होत असे, त्यातला 'गुलाब' म्हणजेही पाणीच. मग 'गुलाबपाणी' म्हणताना आपण पाणी दोनदा म्हणतो, आणि ते कोणाला खटकतही नाही.

दोन वेगवेगळ्या भाषाकुळांत एकच गोष्ट घडलेली दिसते : फुलाचे नाव त्याच्यापासून काढलेल्या पाण्यावरून पडले. यातून असे अनुमान निघते की बहुतेक लोकांना गुलाबाची पहिली ओळख कुपीतून झाली, झुडूप अंगणात नंतर आले. गंध हा व्यापाराचा माल होता आणि फूल हे त्याचे मूळ ठिकाण. तमिळमधला 'रोजा' हा शब्द मात्र युरोपीय भाषांमधून आलेला आहे. म्हणजे 'पन्नीर रोजा' या जोडनावात इतिहासाचे दोन थर एकमेकांवर बसले आहेत.

२. बूर्बाँ बेटावरचे कुंपण

'एडवर्ड' या नावाचा माग आपल्याला हिंदी महासागरातल्या एका बेटावर नेतो. मादागास्करच्या पूर्वेस असलेले हे फ्रेंच बेट पूर्वी 'बूर्बाँ' म्हणून ओळखले जाई. आज त्याचे नाव रियुनियन. तेथील शेतकरी जमिनीला गुलाबाचे कुंपण घालीत. एका ओळीत चिनी गुलाब आणि दुसऱ्या ओळीत दमास्क गुलाबाचा 'चार ऋतूंचा' म्हटला जाणारा प्रकार. शेजारी वाढणाऱ्या या दोन जातींच्या संकरातून एक वेगळेच झुडूप निपजले. स्थानिक लोक त्याला 'रोझ एदुआर' म्हणत. आपल्याकडचा 'एडवर्ड' हा त्याच नावाचा अपभ्रंश.

१८१७ साली ब्रेओँ हा वनस्पतिशास्त्रज्ञ बेटावर आला. त्याने या झुडपाचे बी पॅरिसजवळच्या नय्यी येथे ओर्लेआँच्या ड्यूककडे माळी असलेल्या झाकला पाठवले. त्या बियांतून युरोपात 'बूर्बाँ गुलाब' हा वर्ग सुरू झाला. हा संकर पहिल्यांदा बेटावरच झाला की आणखी कुठे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत; भारताचे नावही त्यात घेतले जाते. हा दावा सहज बाजूला सारता येत नाही, कारण चिनी गुलाब युरोपात गेले त्यांतले काही कलकत्त्यामार्गे गेले. म्हणूनच फ्रेंच लोक चिनी गुलाबाला 'बंगालचा गुलाब' म्हणत. येथेही नाव वाट सांगते, उगम सांगत नाही. नावावरून इतिहास काढताना हा फरक लक्षात ठेवा.

३. दोन जनक, दोन गुण

या संकराचे महत्त्व कळण्यासाठी त्याचे जनक पाहायला हवेत. दमास्क गुलाबाने गंध दिला. गाझीपूर आणि कनौजचा अत्तर-गुलाबपाण्याचा धंदा याच कुळातल्या गुलाबावर उभा राहिला. पण त्याला चांगल्या बहरासाठी हिवाळ्याची थंडी लागते आणि त्याचा मुख्य बहर वर्षातून एकदाच, वसंतात येतो. चेन्नईच्या परिसरात जानेवारीतही रात्रीचे तापमान साधारण २० अंशांच्या आसपास राहते. तेथे तो मनासारखा फुलत नाही.

चिनी गुलाबाने पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण दिला. बहुतेक रानगुलाबांत एक जनुक फुलण्याला वर्षातला बराच काळ आवर घालते. चिनी गुलाबांत त्या जनुकात डीएनएचा एक परका तुकडा शिरून ते निकामी झाले, आणि फुलण्यावरचा आवर सुटला. गंध एका जनकाचा आणि सतत बहर दुसऱ्याचा, असा योग या झुडपात जुळून आला. ज्या उष्ण प्रदेशात पूर्वी गुलाबपाणी फक्त विकत मिळे, तेथे घरच्या दारात वासाचा गुलाब बारमाही फुलू लागला. या टिपणातला निर्णायक बदल हाच : गंध कुपीतून अंगणात आला.

४. गंध मागे का पडला?

१८६७ साली फ्रान्समध्ये 'ला फ्रान्स' हा गुलाब बाजारात आला आणि 'हायब्रिड टी' वर्गाचा काळ सुरू झाला. लांब देठ, टोकदार कळी, मोठे फूल आणि अनेक रंग ही प्रदर्शनाची मोजमापे ठरली. पुढे फुलांचा लांबवरचा व्यापार वाढल्यावर टिकाऊपणाची भर पडली. या निवडीत गंध कोणी मुद्दाम काढून टाकला नाही. त्याला गुणच दिले गेले नाहीत, म्हणून तो पिढीगणिक हरवत गेला.

इंग्लंडमध्ये जुने वासाचे गुलाब वाचले त्यात खेड्यांतल्या छोट्या घरांच्या बागांचा मोठा वाटा होता. भाजी, औषधी झाडे आणि फुले यांची तेथे सरमिसळ असे. विल्यम रॉबिन्सन आणि गर्ट्रूड जेकिल यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस या बागांची बाजू लेखनातून मांडली. १९६१ साली डेव्हिड ऑस्टिन यांचा 'कॉन्स्टन्स स्प्राय' हा गुलाबी, सुवासिक झुडूप-गुलाब आला, तो जुन्या गुलाबाशी केलेल्या संकरातूनच.

आपल्याकडे त्या बागेच्या सर्वांत जवळची वस्तू म्हणजे परसबाग. कढीपत्ता, तुळस, जास्वंद आणि एका कोपऱ्यात गुलाबाचे झुडूप. तमिळनाडूत पन्नीर गुलाब टिकला तो देवाच्या हारामुळे, वेणीमुळे आणि शेजारणीने मागून नेलेल्या फांदीमुळे. उत्तर भारतात त्याच्या वाट्याला वेगळेच काम आले : 'एडवर्ड'चे रोप खुंट म्हणून लावायचे आणि त्यावर नव्या जातीचा डोळा भरायचा. सुवासिक झाडाने मुळे पुरवायची आणि फुलायचे मात्र कलमाने. कलम मेले की कधी खुंटच फुटून वर येतो, आणि मालकाला वाटते, आपला गुलाब 'बिघडला'.

५. तुमच्या अंगणात

हा इतिहास लागवडीत उपयोगी पडतो. या गुलाबाला डोळा भरण्याची गरज नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व फांदीचा वीतभर तुकडा ओलसर, निचऱ्याच्या मातीत मुळे धरतो. झुडूप पसरते, म्हणून शेतात दोन मीटर बाय एक मीटर अंतर ठेवतात. परसात त्याला निदान एक मीटर मोकळी जागा आणि अर्ध्या दिवसाहून अधिक ऊन द्या. चेन्नईकडे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. पाणी साचणाऱ्या जागी वाफा उंच करा. छाटणीही याच काळात करतात; कापलेल्या टोकांना बोर्डो मलम लावले तर फांद्या टोकाकडून वाळत येण्याचा धोका कमी होतो. पावसात पानांवर काळे ठिपके आणि उन्हाळ्यात लाल कोळी यांच्यावर लक्ष ठेवा. फुले सूर्य वर येण्याआधी तोडा; ऊन चढले की गंधद्रव्य उडून जाते.

फांदीपासून केलेले रोप म्हणजे मूळ झाडाचाच पुढे वाढलेला भाग असतो. बियाण्याप्रमाणे त्यात पिढी बदलत नाही. म्हणून अशा झुडपाचे वय त्याच्या खोडावरून ठरत नाही. ज्या झाडाची पहिली फांदी तोडली गेली, तिथपासून ते मोजावे लागते. आवडीत कारखान्यांच्या आणि लष्करी वसाहतींमुळे देशभरातून कुटुंबे येतात आणि बदली होऊन जातात. अशा ठिकाणी घराभोवतीचे आवार गेले, बैठी घरे पडून इमारत उभी राहिली, की झुडूपही जाते. त्याची प्रत कोणत्याही दप्तरात नसते. घर पाडायला घेण्याआधी कापलेल्या चार फांद्या हेच त्याचे जतन. पन्नीर गुलाब या नावाखाली एकाहून अधिक प्रकार विकले जातात, म्हणून फांदी कोणाच्या परसातून आणली, कोणत्या साली, हे चिठ्ठीवर लिहून कुंडीला बांधा. पुढच्या अभ्यासकाला ती चिठ्ठी लागेल.

स्वाध्याय

१. 'गुलाब' आणि 'पन्नीर' या शब्दांवरून काढलेले अनुमान कितपत भक्कम आहे? त्याला बळ देणारा आणखी एक शब्द किंवा वस्तू तुमच्या घरात शोधा.
२. नाव वाट सांगते, उगम सांगत नाही : फळे किंवा भाज्यांच्या नावांतून याचे एक उदाहरण द्या.
३. तुमच्या परिसरातील सर्वांत जुन्या परसबागेत जा. तेथील गुलाब कोणी, कोठून आणला, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून अर्ध्या पानाची नोंद करा.