१९४४ चा एक अंतिम सामना

भारताने मोठा सामना जिंकला की अकोटातही फटाके वाजतात, मोटारसायकली निघतात. आनंद व्हावाच. तो कोठवर न्यावा, हे पाहण्यासाठी मुंबईच्या एका जुन्या सामन्याची हकीकत सांगतो.

त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत असत. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन व ‘इतर’ असे पाच संघ. धर्मावार संघ म्हटल्यावर कुरबुरी आल्याच. १९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियममधील जागांच्या वाटपावरून हिंदू संघ स्पर्धेत उतरलाच नाही. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे लोक सल्ल्यासाठी गांधीजींकडे वर्ध्याला आले. कॉलेजा-कॉलेजांतील सामने समजू शकतात, परंतु धर्मावार संघ कशासाठी, असा गांधीजींचा सवाल होता. तरीही सामने पुढे चालूच राहिले.

आता १९४४ साल पाहा. त्या सप्टेंबरात गांधी-जीना वाटाघाटी मुंबईतच फिसकटल्या होत्या. वातावरण तापलेले, आणि अंतिम सामना नेमका हिंदू विरुद्ध मुस्लिम! मुस्लिम संघाला जिंकण्यासाठी २९८ धावा हव्या होत्या. एकेक गडी पडत गेला, पण के. सी. इब्राहिम एका बाजूने उभे राहिले ते नाबाद १३७ धावा करूनच परतले. विजय मिळाला तो अवघ्या एका गड्याने. अशा वेळी एखादी ठिणगीही पुरली असती. झाले ते असे : हरलेल्या संघाचे कप्तान विजय मर्चंट मुस्लिम संघाच्या खोलीत गेले, कप्तान मुश्ताक अली यांना त्यांनी मिठी मारली आणि हा विजय तुमच्या हक्काचाच, असे सांगितले. मुश्ताक अलींनी ही आठवण आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. याच दोघांनी १९३६ मध्ये मँचेस्टरला भारतासाठी सलामीला २०३ धावांची भागी केली होती. पुढे इब्राहिमही १९४८ मध्ये भारताकडून कसोटी खेळले. पंचरंगी सामने मात्र १९४६ मध्ये बंद पडले, आणि ते बरेच झाले.

आज आपण सारे एकाच संघासाठी टाळ्या वाजवतो. मग प्रश्न उरतो गर्दीचा. ४ जुलै २०२४ रोजी विश्वविजेत्या संघाच्या स्वागताला मरीन ड्राइव्हवर लोटलेल्या गर्दीत कित्येकांना गुदमरल्यामुळे इस्पितळात न्यावे लागले, आणि रस्त्यावर चपलांचे ढीग राहिले. ४ जून २०२५ रोजी बंगलोरला स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण दगावले. त्यांत कॉलेजात शिकणारी मुलेही होती. ती कोणाशी भांडायला गेली नव्हती, आनंद करायला गेली होती. गर्दी पुढून अडली तरी मागचे लोक रेटत राहतात, मधल्याला श्वास घेता येत नाही. पहिलवान असला तरी त्याचे काही चालत नाही.

आपल्या गावी एवढी गर्दी होत नाही हे खरे. पण ९ मार्च २०२५ रोजी भारताने चॅम्पियन्स करंडक जिंकला तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती, हे किती जणांच्या ध्यानात होते? सायलेन्सर काढलेली गाडी ज्या गल्लीतून जाते, तिथे कोणी अभ्यास करीत असते, कोणी आजारी पडलेले असते. दुसऱ्याच्या मोहल्ल्यात जाऊन मुद्दाम घोषणा देणे तर मर्चंट आणि मुश्ताक यांच्या खेळाला साफ विसरणे होय.

पालकहो, पुढच्या अंतिम सामन्याच्या दिवशी मुलगा कोठे सामना पाहणार आणि नंतर कोणाच्या गाडीवर मागे बसणार, एवढे दुपारीच विचारून ठेवा. जमल्यास त्याचे चार मित्र घरीच बोलवा. चहाचा खर्च फटाक्यांपेक्षा कमी येतो.