मानपान आणि माणसाचा मान

माणूस एक वेळ उपाशी राहील, पण अपमान गिळणार नाही. लग्नातील आहेर, पंगतीतील पाट, पोळ्याचे तोरण, देवळातील पहिली आरती, या साऱ्यांत मानाचा क्रम असतो. तो चुकला की भाऊबंदकी उभी राहते, वर्षानुवर्षे बोलणे बंद होते. ‘गावात नाक राहिले पाहिजे’ म्हणून ऐपत नसताना कर्जही काढले जाते.

पूर्वी हा क्रम सत्तेने ठरे. मालगुजारीच्या काळात तोरणाखाली मालगुजाराच्या बैलजोडीला पहिला मान असे. परंतु त्याच तोरणाखाली झडत्यांमधून थोरामोठ्यांनाही चिमटे काढले जात. निदान त्या दिवशी तरी लहानाला तोंड उघडता येई. १९५१ साली मालगुजारी संपली. तरी कित्येक गावांत मान त्याच घराकडे राहिला.

काहींच्या वाट्याला मात्र देवाचा उंबरठाही नव्हता. जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले केले. पंढरीच्या विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. दारे उघडल्याने देवाचे तेज तसूभरही कमी झाले नाही. कमी झाला तो काहींचा पोकळ ताठा.

मान मिळविण्याची दुसरी रीत आपल्याच गोंदिया जिल्ह्यात आहे. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरेने सांगतात. लोकांनी त्यांना देवपण दिले. कोलासूर देव म्हणून ते पूजिले जातात. हा मान हुकमाने मिळालेला नाही, शेताला पाणी दिले म्हणून मिळाला. मात्र त्या पाळीवर ज्यांनी माती वाहिली, त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत.

जीर्णोद्धाराचेही तसेच असते. रोख देणगीची पावती फाटते, डोक्यावरून वाहिलेल्या मुरमाच्या टोपलीची फाटत नाही. दात्यांची नावे शिलेवर कोरली जातात, ते योग्यच आहे. त्यांच्या दातृत्वावाचून कळस चढत नाही. पण महाप्रसादाच्या पंगतीत दाता आणि टोपली वाहणारी माउली एका ओळीत बसतील, आणि वाढणारा दोघांनाही सारख्याच आग्रहाने वाढील, तेव्हाच जीर्णोद्धार पुरा झाला असे समजावे. देवाच्या दारी मानकरी पुष्कळ असोत. अपमानित मात्र एकही नसावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.