विभागाची खबर : केंब्रिज, १९८१

आमच्यापैकी ज्यांनी बी.ए.ला इंग्रजी 'स्पेशल' घेतले, त्यांची विभागाशी पहिली ओळख झाली ती काचेआडच्या, कुलूप लावलेल्या सूचनाफलकावरून. तासांचे वेळापत्रक, चाचणीची तारीख, अर्जाची मुदत एवढे त्यावर कळे. अमुक पुस्तक अभ्यासक्रमातून का गेले, अमुक सर पुढच्या वर्षी का नसतील, हे कँटीनमध्ये कळे, आणि तेही तीन निरनिराळ्या तऱ्हांनी. ही व्यथा आपल्याकडचीच, असे आम्ही बरीच वर्षे धरून चाललो होतो. केंब्रिजच्या इंग्रजी विभागाचा इतिहास वाचताना तो समज गेला.

तिथे १८७० पासून 'रिपोर्टर' हे विद्यापीठाचे अधिकृत पत्र निघते. नेमणुका, नियमांतील बदल, परीक्षांच्या सूचना, व्याख्यानांच्या याद्या त्यात छापून येत. इंग्रजीची स्वतंत्र पदवी-परीक्षा मंजूर झाली १९१७ साली. परंतु छापील माहिती आणि प्रत्यक्ष विभाग यांत अंतर पडायला वेळ लागला नाही. आय. ए. रिचर्ड्स यांना आरंभी पगार नव्हता. व्याख्यानांना बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे पंधरा शिलिंग मिळत. कोणाचा वर्ग भरतो ही बातमी तिथे अक्षरशः पैशांत मोजली जाई!

शिवाय विद्यार्थी राहतो आणि शिकवणी घेतो ती कॉलेजात. व्याख्याने आणि परीक्षा विभागाकडे. त्यामुळे विभागाची हकीकत त्याच्या कानी येते ती बहुधा शिकवणीच्या खोलीत. डाउनिंग कॉलेजात एफ. आर. लीव्हिस यांच्यापाशी शिकलेल्यांनी विभाग पाहिला तो लीव्हिस यांच्या नजरेने. त्यांना रीडरपद मिळाले १९५९ साली, निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना. अशा माणसाकडून आलेली खबर खोटी म्हणता येत नाही; पण तिच्यात किती भाग वस्तुस्थितीचा आणि किती जुन्या जखमेचा, हे विसाव्या वर्षी ओळखावे कसे?

१९८१ च्या आरंभी हा पेच चव्हाट्यावर आला. जेम्स जॉइसवर पुस्तक लिहिलेले तरुण सहायक व्याख्याते कॉलिन मॅकेब यांना कायम पद नाकारण्यात आले. नेमणूक समितीचे कामकाज गोपनीय. तेव्हा ज्यांना ते शिकवत होते त्यांना कारण कळण्याचा अधिकृत मार्ग नव्हता. कारण पुरवले वृत्तपत्रांनी : संरचनावाद विरुद्ध परंपरा. फ्रँक केर्मोड आणि रेमंड विल्यम्स मॅकेब यांच्या बाजूचे, क्रिस्टोफर रिक्स विरुद्ध बाजूचे. पुढे केर्मोड आणि विल्यम्स यांना समितीवरूनही दूर करण्यात आले. मथळ्यांना याहून सोयीचे काय हवे?

फेब्रुवारीत सेनेट हाउसमध्ये 'इंग्रजी विभागाची स्थिती' या विषयावर दोन दिवस चर्चा झाली आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे भाषणे 'रिपोर्टर'मध्ये छापली गेली. ज्या पत्रात व्याख्यान कुठे, किती वाजता हे पाहायचे, त्याच पत्रात आता आपले अध्यापक एकमेकांविषयी आणि विभागाच्या कारभाराविषयी काय म्हणतात हे वाचता येत होते. संरचनावादाच्या वादापेक्षा आम्हांला ही घटना मोलाची वाटते. नेमणुका कोणत्या पद्धतीने होतात, हा वृत्तपत्री छावण्यांत न मावणारा प्रश्न त्या निमित्ताने छापील नोंदीत आला. गोपनीय कागद गोपनीयच राहिले, हे खरे. पण कँटीनमधल्या तीन तऱ्हांना ताडून पाहायला एक लेखी तऱ्हा तरी मिळाली.

निर्णय काही फिरला नाही. मॅकेब त्याच वर्षी ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात प्राध्यापक झाले. केर्मोड यांनी १९८२ मध्ये केंब्रिज सोडले. आमच्या वर्गांत हा प्रसंग साहित्यसिद्धांताच्या पेपरात दोन ओळींत उरकतो : मॅकेब, केर्मोड, संरचनावाद. त्या वर्षी त्यांच्यापुढे बाकांवर बसलेल्यांना काय आणि कधी कळले, याची चौकशी त्या दोन ओळी शिकवताना आम्हीही आजवर केली नव्हती.