फारकतीचा कागद

विवाहसंबंध तुटण्यासाठी मराठीत जे शब्द रूढ झाले, त्यांत समाजाचा एक इतिहास साठून राहिला आहे. 'काडीमोड' या शब्दामागे चारचौघांसमक्ष काडी मोडून संबंध संपल्याची खूण करण्याची रीत आहे. 'सोडचिठ्ठी' आणि 'फारकत' यांत कागद आहे. फारकत, अथवा फारखती, म्हणजे मुळात देण्याघेण्याच्या व्यवहारातील मुक्ततेचा लेख : देणे फिटले, हक्क उरला नाही, असे लिहून देणे. तोच शब्द नवराबायकोच्या विभक्त होण्यास लावला गेला. याउलट, आज सर्वत्र वापरला जाणारा 'घटस्फोट' हा शब्द मूळचा विवाहाचा नव्हेच. पतित ठरलेल्यास जातीबाहेर टाकताना पाण्याचा घट उपडा करण्याचा वा फोडण्याचा जो विधी असे, त्याचे ते नाव. लोकरूढीचे शब्द सुटकेचे होते. शिष्ट भाषेने निवडलेला शब्द बहिष्काराचा होता.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पतिपत्नींमध्ये परस्पर द्वेष असल्यास 'मोक्ष' सांगितला आहे. मात्र पहिल्या चार धर्म्य विवाहांना तो नाही. पुढे धर्मशास्त्राने विवाह हा अविच्छेद्य संस्कार मानला. तरीही अनेक जातींत फारकत आणि पाट यांची रूढी चालूच राहिली. एल्फिन्स्टनच्या प्रेरणेने आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींचे कायदे व रूढी गोळा करून १८२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या, त्यांत या रीतींची नोंद आहे. म्हणजे दोघांनी, जातीच्या साक्षीने, वेगळे होण्याचा करार करणे ही पश्चिमेकडून आलेली कल्पना नव्हे. ती येथे होती. फक्त प्रतिष्ठित घरांत नव्हती.

इंग्रजी न्यायालयांनी या रूढीस अर्धवट मान्यता दिली. पतीच्या संमतीवाचून पत्नीस दुसरा विवाह करण्याची मोकळीक जात देऊ शकत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्ये शंभू रघू याच्या खटल्यात ठरविले. मद्रास उच्च न्यायालयाने १८९४ मध्ये परस्परसंमतीने विवाह संपविण्याची रूढी अनीतीची नाही असे म्हटले. दोघांची संमती असेल तर कागद चालतो. एकट्या स्त्रीची इच्छा असेल तर चालत नाही, असा या निर्णयांचा एकत्रित अर्थ होता.

त्या अर्थाची कसोटी रखमाबाईंच्या खटल्यात लागली. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झालेल्या रखमाबाई सासरी नांदावयास गेल्या नव्हत्या. १८८४ मध्ये दादाजींनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलात तो निर्णय टिकला नाही. आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे नांदावयास जावे, अन्यथा सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. या पेचातून कोणत्याही धर्माची वा कायद्याची वाट निघाली नाही. वाट निघाली ती तडजोडीतून : १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. महाराणी व्हिक्टोरियाने विवाह रद्द केला, ही पुढे पसरलेली कथा तडजोडीच्या या साध्या वस्तुस्थितीस झाकून टाकते.

या तडजोडीने काय दिले आणि काय दिले नाही, हे नीट पाहिले पाहिजे. तिने रखमाबाईंना लंडनला जाऊन वैद्यक शिकण्याची, सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा करण्याची मोकळीक दिली. विवाह मात्र तिने मोडला नाही. दादाजींना दुसरे लग्न करता आले. रखमाबाईंना ती मुभा नव्हती. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेचे पांढरे वस्त्र स्वीकारले, असे त्यांच्या चरित्रकथनात येते. ज्या घरात त्या कधी नांदल्या नाहीत, त्या घराचे वैधव्य त्यांच्या वाट्याला आले. वेगळे राहणे आणि मुक्त होणे यांतील अंतर याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण सापडणे कठीण.

हे अंतर कायद्याने टप्प्याटप्प्याने कमी केले. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १९३१ मध्ये, हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. १९४६ च्या कायद्याने क्रौर्य, परित्याग, पतीचा दुसरा विवाह अशा कारणांसाठी हिंदू पत्नीस वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क दिला. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताने घटस्फोटाचा कायदा केला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात न्यायिक विभक्ततेची तरतूद आली. तिच्यामुळे सहवासाचे बंधन सुटते, विवाह टिकतो. मात्र हुकमानंतर वर्षभर सहवास सुरू न झाल्यास कोणाही एका पक्षास घटस्फोट मागता येतो. याच कायद्याने रूढीने चालत आलेली फारकतही अबाधित ठेवली. अखेर १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीचा घटस्फोट आला. जी गोष्ट सुतार, कोळी यांसारख्या जातींच्या पंचायतींत पूर्वीपासून होती, ती सर्वांसाठी लिहिली जावयास इतका काळ लागला.

तरीही कागद आणि न्यायालय यांचे नाते सरळ झालेले नाही. मुद्रांकावर लिहून, साक्षीदारांच्या सह्या घेऊन केलेला विभक्ततेचा करार वेगळ्या निवासाचा, मालमत्तेच्या वाटणीचा, मुलांच्या ताब्याचा पुरावा ठरतो. रूढी सिद्ध झाल्याखेरीज तो विवाह संपवीत नाही. मुलांच्या बाबतीत न्यायालय त्यांचे हित पाहते, आईबापांचा करार नव्हे. पत्नीने पोटगीचा हक्क कायमचा सोडल्याचे कलम न्यायालये सहसा बंधनकारक मानीत नाहीत. याउलट फौजदारी कायद्यातील पोटगीच्या तरतुदीनुसार, पतिपत्नी परस्परसंमतीने वेगळी राहत असतील तर पत्नीस पोटगी मागता येत नाही. १९७३ च्या संहितेतील हा नियम २०२३ च्या नव्या संहितेतही कायम आहे. सौजन्याने लिहिलेले 'परस्परसंमतीने' हे एक पद अशा रीतीने निराधार स्त्रीस महाग पडू शकते. आणि घटस्फोटाच्या अर्जास दिलेली संमती अंतिम हुकमापूर्वी मागे घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरविले.

या शेवटच्या नियमात जुन्या फारकतीपेक्षा वेगळी अशी एक जाण आहे. कर्जाच्या फारखतीत सही झाली की प्रश्न मिटतो. विवाहाच्या फारकतीत सही कोणाच्या दडपणाखाली झाली, सही करणारीस दुसरे घर होते की नाही, हे विचारावे लागते. रखमाबाईंच्या पाठीशी शिक्षण होते, मित्र होते, दोन हजार रुपये उभे राहू शकले. ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते, त्यांची मुक्तता कोणत्याही कागदावर उतरली नाही. विभक्ततेच्या कायद्याचे मोजमाप करावयाचे ते त्यांच्यावरून.