तळहातावर उमटलेली सिंफनी

संगीत हा केवळ कानांचा विषय आहे, असे आपण गृहीत धरून चालतो. ज्याला ऐकू येत नाही त्याचा संगीताशी काय संबंध, हा प्रश्नदेखील त्यामुळे आपल्या मनात उद्भवत नाही. इतिहास मात्र या समजुतीला दुजोरा देत नाही.

७ मे १८२४ रोजी व्हिएन्ना नगरीत बीथोव्हन यांची नववी सिंफनी प्रथमच सादर झाली. बीथोव्हन त्या वेळी जवळजवळ पूर्ण बहिरे झाले होते. भेटीस येणारी माणसे आपले म्हणणे वहीत लिहून त्यांना दाखवीत. सभागृहात टाळ्यांचा गजर चालू असताना पाठमोऱ्या बीथोव्हन यांना त्याची जाणीव नव्हती. कॅरोलिन उंगर या गायिकेने त्यांना श्रोत्यांकडे वळवले, तेव्हा हलणारे हात आणि रुमाल पाहून त्यांना ते उमगले, अशी हकिकत सांगितली जाते. तरीही तारुण्यापर्यंत त्यांचे कान शाबूत होते आणि स्वरांची स्मृती त्यांच्या अंतरंगात जागी होती. ज्याच्यापाशी अशी स्मृतीही नाही, त्याचे काय?

शंभर वर्षांनी त्याच सिंफनीने या प्रश्नाचे उत्तर दिले. अमेरिकेतील हेलन केलर यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या महिन्यात आजारपणामुळे गेली होती. १ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्क येथील वाद्यवृंद ही सिंफनी वाजवीत होता व रेडिओवरून ती प्रक्षेपित होत होती. हेलनबाई आपल्या घरी होत्या. रेडिओच्या ध्वनियंत्रावर हात ठेवून पाहा, असे कोणीतरी सुचवले. झाकण काढून आतील कंप पावणाऱ्या पातळ पडद्यावर त्यांनी हलकेच बोटे टेकवली. दुसऱ्या दिवशी वाद्यवृंदाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला विस्मय व्यक्त केला. नुसता ठेकाच नव्हे, तर निरनिराळ्या वाद्यांचे वेगळेपण आणि समूहगायनाची उसळणारी लाट आपल्याला जाणवली, असे त्यांनी कळवले. हे संगीत निर्मिणारा आपल्यासारखाच बहिरा होता, याचेही स्मरण त्यांनी केले.

हा चमत्कार एका रात्रीत घडलेला नव्हता. १८८७ साली अ‍ॅन सलिव्हन या शिक्षिकेने हेलनच्या तळहातावर बोटांनी अक्षरे उमटवून तिला भाषा दिली. १८९० मध्ये बोस्टन येथे सेरा फुलर यांच्या चेहऱ्यावर हात ठेवून, ओठ व जीभ यांची हालचाल चाचपीत, ती बोलण्याचे धडे घेऊ लागली. जो हात १९२४ मध्ये सिंफनीवर टेकला, तो असा अनेक वर्षे घडवला गेला होता.

यामागचे कारण साधे आहे. ध्वनी म्हणजे कंपन. वरातीचा ढोल जवळून गेला की छातीत हादरा बसतो, हा आपला नित्याचा अनुभव. सेकंदाला सुमारे एक हजार कंपनांपर्यंतचे स्पंदन त्वचेला जाणवू शकते व अडीचशेच्या आसपास ती विशेष संवेदनशील असते. मानवी गळ्याचे आणि बहुतेक वाद्यांचे मूळ स्वर याच टप्प्यात येतात. स्वरांचे सूक्ष्म रंग मात्र त्वचेच्या आवाक्याबाहेर राहतात. म्हणून स्पर्शाने अनुभवलेले संगीत म्हणजे तंतोतंत श्रवण नव्हे. तो एक वेगळा, पण खराखुरा अनुभव आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील डॉ. डीन शिबाटा यांनी २००१ साली दाखवून दिले, की बधिर व्यक्तींच्या हाताला कंपन जाणवते तेव्हा एरवी ऐकण्यासाठी वापरला जाणारा मेंदूचा भागही कार्यरत होतो.

स्कॉटलंडमध्ये १९६५ साली जन्मलेल्या एव्हलिन ग्लेनी यांनी या अनुभवाला कलेच्या शिखरावर नेले. बाराव्या वर्षापर्यंत त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ नाहीशी झाली. त्यांचे शिक्षक रॉन फोर्ब्स नगारे वाजवीत व एव्हलिनला खोलीच्या भिंतीवर हात टेकवून स्वर ओळखायला लावीत. खालचे स्वर पायांत आणि वरचे स्वर चेहऱ्यावर, मानेत जाणवतात, हे तिने शोधून काढले. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकने प्रथम तिला प्रवेश नाकारला. बधिर मुलगी वादक कशी होणार, अशी त्यांना शंका होती. तिने पुन्हा वाजवून दाखवले, प्रवेश मिळवला आणि पुढे एकल तालवादक म्हणून जगभर कीर्ती संपादन केली. रंगमंचावर त्या बहुधा अनवाणी वाजवतात, म्हणजे फळ्यांचे स्पंदन तळपायांना मिळते.

आपल्या भूमीशीही या इतिहासाचे दूरचे नाते आहे. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबईचे बिशप लिओ मॉयरिन यांच्या पुढाकाराने निघालेली शाळा ही भारतातील बधिर मुलांची आद्य शाळा मानली जाते. ज्यांना शिकवता येणारच नाही अशी समाजाची खात्री होती, त्यांच्यासाठी तेथे पाटी-पुस्तक आले.

मार्ककृत शुभवर्तमानात बहिऱ्या माणसाला प्रभू येशू गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो. शब्दाच्या आधी येथे स्पर्श आहे. आपल्या धर्मग्रामातही अशी मुले आहेत. मंदिरात गायनमंडळ गात असता ती मागच्या बाकावर स्तब्ध बसलेली असतात. त्यांना विचारावे आणि त्यांची इच्छा असेल तर पेटीच्या लाकडावर, तबल्याच्या कडेवर त्यांचा हात टेकू द्यावा. त्यांना काय जाणवले, ते मग त्यांच्याकडूनच समजून घ्यावे.