लाकडी होडीत चूल कशी पेटवायची? मातीच्या फिरत्या चुलीचं तंत्र

फिरती चूल म्हणजे भाजलेल्या मातीची, उचलून कुठेही ठेवता येईल अशी चूल. वाटतं की ही प्रवासासाठीच बनवली असणार. पण तिचा मोठा फायदा वेगळाच आहे. लाकडी जमिनीवर विस्तव ठेवायचा आणि घर मात्र पेटू द्यायचं नाही!

चीनच्या झेजियांग प्रांतातलं हेमुडू हे ठिकाण १९७३ मध्ये सापडलं. सुमारे ७००० वर्षांपूर्वी इथले लोक भात पिकवायचे आणि खांबांवर लाकडी घरं बांधून राहायचे. अशा घरात जमिनीवर तीन दगड मांडून जाळ करणं म्हणजे आगीला आमंत्रणच. इथे मातीची एक चूल मिळाली. तिच्या आतल्या भिंतीवर तीन जाड उंचवटे आहेत आणि बाहेरून धरायला दोन कान.

तीनच उंचवटे का? तीन टेकूंवर भांडं डगमगत नाही. चौथा टेकू आला की एखादा अधांतरी राहू शकतो. शिवाय त्या काळची भांडी गोल बुडाची. ती सपाट जागी उभी राहत नाहीत, पण तीन उंचवट्यांवर नीट बसतात. मधल्या फटींतून ज्वाळा आणि धूर वर जातो, पुढच्या तोंडातून हवा आत येते. आपल्याकडच्या चुलीलाही तीन उंचवटे असतात, ते याच कारणासाठी.

आता होडीकडे येऊ. फिलिपिन्स, मलेशिया आणि इंडोनेशियाच्या समुद्रात राहणाऱ्या सामा-बजाऊ लोकांपैकी अनेकांचं घर पूर्वी म्हणजे होडीच असायची. त्यांच्या चुलीला ‘लापोहान’ म्हणतात. मागे खोलगट भाग, त्यावर भांडं. पुढे काठ असलेली पसरट जीभ. लाकडं त्या जिभेवर टेकवायची, जळतील तशी आत सरकवायची. लाट आली आणि निखारा घरंगळला तरी तो काठाच्या आतच पडतो. ही पुढची जीभच मला सगळ्यात हुशारीची वाटते, कारण तो निखारा होडीच्या फळीवर पडला तर पळायला जागा नाही, चहूकडे पाणी.

मलेशियातल्या साबा राज्यात, सेम्पोर्ना गावाजवळ बुकित तेंगकोराक नावाची टेकडी आहे. तिथे किमान ३००० वर्षांपूर्वीच्या अशा चुलींचे तुकडे मिळालेत. आणि त्याच भागात सामा-बजाऊ कारागीर आजच्या काळातही लापोहान हाताने घडवत आलेत, भट्टीशिवाय, उघड्यावर जाळ करून भाजत.