अंग बाहेर येणं

हा विषय लिहू की नको यात दोन आठवडे गेले. काका-मामाही इथे डोकावतात... शेवटी आईच म्हणाली, "लिही." म्हणून लिहिते.

आमच्या आजीचं 'अंग बाहेर यायचं'. मला हे ती गेल्यानंतर कळलं. सकाळी बरं असायचं. संध्याकाळपर्यंत खाली काहीतरी लोंबल्यासारखं ओझं आणि धरलेली कंबर. लघवीला बसलं की आधी बोटाने आत सारायचं, मगच मोकळं व्हायचं. आडवं पडलं की आराम. सहा बाळंतपणं, दर वेळी महिन्याभरात पुन्हा डोक्यावर हंडा, वर जुनाट खोकला. डॉक्टर आज विचारतात ती सगळी कारणं एकाच बाईत!

दुखणं फार जुनं. प्राचीन ग्रीसमधले हिपोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य बाईला शिडीला उलटं बांधून शिडी हलवत, गर्भाशय आत जावं म्हणून. अर्धं डाळिंब आत बसवायचाही उपाय होता. (हसू नका, आजची आधाराची रिंग त्याच कल्पनेची पणती आहे.)

मला विसरता येत नाही ती इंग्लंडमधली फेथ. तिची हकीकत पर्सिव्हल विलोबी या डॉक्टराने १६७० मध्ये नोंदवली. वय ४६, कोळशाचं ओझं वाहताना अंग बाहेर पडलं, मग वरचेवर पडू लागलं. एक दिवस वैतागून तिने ते हाताने ओढलं आणि सुरीने स्वतःच कापून टाकलं. जगली. पण पुढे रात्रंदिवस लघवी गळत राहिली.

१८८८ मध्ये मँचेस्टरच्या आर्चिबाल्ड डोनाल्डने शस्त्रक्रिया बसवली, पुढे फॉदरगिलने ती सुधारली. तीत गर्भाशयाचं तोंड कापलं जाई. आपल्याकडे ऐन तरुण बायकांनाही हे होई. त्यांना अजून मूल हवं असे आणि तोंड कापल्यावर गर्भ टिकणं अवघड. म्हणून मुंबईत डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी (मूळचे गोव्याचे) तोंड न कापता करायची पद्धत काढली. डॉ. पुरंदऱ्यांनी पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणाचीच पट्टी वापरून गर्भाशय वर टांगलं. शिवणकामच की हे!

हे सगळं आजीच्या हयातीत, तिच्या गावापासून एका रात्रीच्या एस्टीवर होतं. "मग का नाही नेलंत?" मी आईला विचारलं.

"पुरुष डॉक्टर असतात गं."

थोड्या वेळाने भाजी निवडता निवडता तिनेच विचारलं, "ती रिंग बसवताना दुखतं का?"

मंगळवारची वेळ घेतली आहे.